मध्यम आकाराचे मोठेपण

मीडियम फॉरमॅट हा कॅमेऱ्यांचा असा वर्ग आहे, ज्याच्या फक्त नावात मध्यम असते. वजन, किंमत आणि मालकाचा आब या तिन्ही बाबतींत त्याला मध्यम काही चालत नाही. आजच्या डिजिटल बाजारात साधारण ४४ बाय ३३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याला हे नाव मिळते. त्याच्या खालची पायरी फुल फ्रेमची, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. तिच्या खाली एपीएस-सी, साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. आणि उतरंडीच्या अगदी तळाशी मोबाइल, ज्याचा सेन्सर नखावर मावतो आणि जगातले बहुतेक सगळे फोटो तोच काढतो. वरच्या प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्याकडे करुणेने पाहतो. मोबाइलवाला मात्र कोणाकडेच पाहत नाही, कारण त्याचा फोटो तोवर काढून, पाठवून आणि त्यावर चार बदाम मिळवून झालेला असतो.

या वर्गाचे मूळ कुळ फारसे खानदानी नाही. १९०१ मध्ये कोडॅकने नंबर टू ब्राउनी नावाचा एक डबा दोन डॉलरला विकायला काढला आणि त्याच्यासाठी १२० क्रमांकाची फिल्म बनवली. ब्राउनी हा मुलांच्या हाती द्यायचा कॅमेरा होता. पुढे रोलायफ्लेक्स, हॅसलब्लाड, मामिया अशा सगळ्या मातब्बर मंडळींनी तीच १२० फिल्म वापरली आणि आज पन्नास हजार डॉलरच्या घरात जाणारा फेज वनचा डिजिटल संच ज्या परंपरेचा वारस म्हणून मिरवतो, तिचा मूळ पुरुष दोन डॉलरचा डबा आहे. फेज वनच्या माहितीपत्रकात हा उल्लेख ठळक अक्षरांत असण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.

भारतात तर हा प्रकार आणखी रंगला. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक-थ्री अनेक मराठी घरांत असे. गोदरेजच्या कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या मागे. रोल १२० चा, फोटो मोजून बारा, आणि त्या बारांत एक मुंज, एक बारसे, नवी स्कूटर आणि महाबळेश्वरचा एखादा पॉइंट बसवायचा. निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटरचे, म्हणजे आज लाखोंना मिळणाऱ्या फुजिफिल्मच्या शंभर मेगापिक्सेलवाल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या दुपटीहून मोठे. थोडक्यात, ज्या कारकुनाने वर्षाला दोन रोल संपवले, तो आयुष्यभर मीडियम फॉरमॅटचा छायाचित्रकार होता आणि त्याला ते कोणी सांगितले नाही. निगेटिव्ह एवढे मोठे असल्याने ते वाढवून छापायचीही गरज नसे. त्याच मापाचा प्रिंट काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे लावून चिकटवला जाई. मावशी कोण आणि काकू कोण हे त्यातही ओळखू येत असे. भिंग साधे असल्यामुळे शंका राहिलीच, तर साडीवरून ठरत असे.

छोट्या आकाराचे बंड जर्मनीत झाले. लायट्झ कंपनीतला ऑस्कर बार्नाक दम्याचा रुग्ण होता. काचेच्या प्लेटांचा भला मोठा कॅमेरा डोंगरावर वाहून नेणे त्याला झेपत नव्हते. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी फिरवून तिच्यावर चौकट दुप्पट केली, ती २४ बाय ३६. हा कॅमेरा, म्हणजे लायका, १९२५ मध्ये लायप्झिगच्या जत्रेत लोकांसमोर आला, तेव्हा टपाल तिकिटाएवढ्या निगेटिव्हमधून काही निघेल यावर जाणकारांचा विश्वास बसेना. आज त्याच मापाला फुल फ्रेम, म्हणजे पूर्ण, म्हणतात आणि त्याहून लहान सेन्सरवाल्यांना ते जन्मभराचे अपुरेपण वाटते. पुढच्या इतिहासाचे सूत्र एवढेच आहे: छोट्याने मोठ्याची जागा घ्यायची आणि मोठ्याने आणखी किंमत वाढवून ती जागा आपणच सोडल्याचे सांगायचे.

मोठ्यांच्या वैभवाचा कळस चंद्रावर गाठला गेला. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या व्हिक्टर हॅसलब्लाडने १९४८ साली आपला पहिला नागरी कॅमेरा सादर केला आणि १९६९ मध्ये अपोलो ११ च्या मंडळींनी हॅसलब्लाड चंद्रावर नेला. परत येताना मात्र अंतराळवीरांनी फिल्मच्या पेट्या तेवढ्या काढून घेतल्या आणि कॅमेरे तिथेच ठेवले. वेगवेगळ्या मोहिमांचे मिळून बारा हॅसलब्लाड आजही चंद्रावर आहेत. यानातल्या प्रत्येक किलोचा हिशोब होता आणि कॅमेऱ्यापेक्षा चांद्रशिळा आणणे फायद्याचे ठरले. मीडियम फॉरमॅट जड असतो ही तक्रार नवी नाही. जिथे वजन पृथ्वीच्या एकषष्ठांश भरते, तिथेही दगड उचलून कॅमेरा टाकून यावासा वाटला, यावरून काय ते समजावे.

डिजिटल युगाची सुरुवात या वर्गाने पहिल्या रांगेत बसून केली आणि लगेच डुलकी काढली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी लीफ कंपनीने मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याला मागून लावायची डिजिटल पेटी आणली. ती चार मेगापिक्सेलची होती, संगणकाला वायरने बांधलेली होती आणि रंगीत फोटोसाठी तीन वेळा उघडझाप करी, म्हणजे फोटोतल्या वस्तूने हलायचे नाही. सफरचंद, घड्याळ आणि अत्तराची बाटली यांनी या नव्या तंत्राला उत्तम सहकार्य दिले. माणसांकडून तेवढे मिळेना. २००२ मध्ये कॅननने अकरा मेगापिक्सेलचा फुल फ्रेम १डीएस आणला. तो हातात धरून चालत-फिरत वापरता येई. मग पडझड सुरू झाली. हॅसलब्लाड २००४ मध्ये डेन्मार्कच्या इमॅकॉनमध्ये मिसळली, क्योसेराने २००५ मध्ये काँटॅक्सचा गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले, मामियाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदा विकला.

या काळातला हॅसलब्लाडचा एक उद्योग विस्ताराने सांगण्याजोगा आहे. २०१२ च्या फोटोकिना प्रदर्शनात, जर्मनीतल्या कोलोन शहरात, कंपनीने लूनार नावाचा कॅमेरा मांडला. चंद्रावर टाकून आलेल्या वस्तूंपैकी निदान नाव तरी परत आणावे असा विचार त्यामागे असावा. आत सोनीचा नेक्स-७ होता, जो दुकानात कोणालाही सरळ विकत मिळत होता. बाहेरून त्याला उंची लाकडाची मूठ बसवली होती आणि किंमत पाच हजार युरोंच्या घरात होती. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे मीडियम फॉरमॅटचे दैवत मानली जाणारी कंपनी फुल फ्रेमच्याही एक पायरी खाली उतरून लाकूड विकत होती. छायाचित्रकारांनी या कॅमेऱ्याची जी टर उडवली, तिची बरोबरी त्या कॅमेऱ्याने काढलेल्या एकाही फोटोला करता आली नाही. एवढ्यावर भागले नाही. पाठोपाठ सोनीच्याच खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यावर बेतलेला स्टेलर आला. ग्राहकांनी दोन्हींकडे पाठ फिरवली, हा छायाचित्रणाच्या इतिहासातला एक दुर्मीळ शहाणपणाचा क्षण मानावा लागेल.

खरा पालट २०१६ पासून झाला. हॅसलब्लाडने आरसा काढून टाकलेला, हातात मावणारा एक्स१डी आणला आणि त्याच वर्षी फुजिफिल्मने जीएफएक्स मालिका जाहीर केली. यात गंमत अशी, की हॅसलब्लाडच्या एच मालिकेची भिंगे वर्षानुवर्षे फुजीच बनवत होती. आता तीच समोर दुकान थाटून बसली. शिवाय फुजीने फुल फ्रेमला हातच लावला नाही. एका हाताला एपीएस-सी, दुसऱ्या हाताला मीडियम फॉरमॅट, मधली गर्दीची गल्ली सोडून दिलेली. किमती भराभर उतरल्या. २०१७ मध्ये पन्नास मेगापिक्सेलच्या जीएफएक्स ५०एसला साडेसहा हजार डॉलर पडत. २०१९ मध्ये १०२ मेगापिक्सेलचा जीएफएक्स १०० दहा हजारांना होता. २०२४ मध्ये तितक्याच मेगापिक्सेलचा १००एस-टू पाच हजारांवर आला. पूर्वी ज्या वस्तूसाठी घर गहाण टाकावे लागे, तिच्यासाठी आता नुसते घरच्यांशी खोटे बोलून भागते.

आता या मोठ्या आणि छोट्या सेन्सरांत नेमका फरक काय, हे पाहायला हवे. उत्तर अनेकांना नाउमेद करणारे आहे. फुजीच्या शंभर मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. फेज वनच्या १५१ मेगापिक्सेलवाल्या पेटीचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. सोनीच्या ६१ मेगापिक्सेल फुल फ्रेमचा तेवढाच, आणि फुजीच्याच २६ मेगापिक्सेलच्या स्वस्त एपीएस-सी कॅमेऱ्याचाही तेवढाच. एकाच गोदामातली फरशी कोणी न्हाणीघरात बसवली, कोणी दिवाणखान्यात आणि कोणी वाड्याच्या चौकात. चौकवाल्याकडे फरश्या जास्त आहेत हे खरे, पण त्याची प्रत्येक फरशी अधिक उजळ आहे असे नाही. वर हे सगळे सेन्सर सोनीकडूनच आलेले असतात, त्यामुळे स्पर्धेत कोणीही जिंकले तरी सोनीचे काही बिघडत नाही. ती स्वतः मीडियम फॉरमॅट कॅमेरा विकत नाही आणि तिला तो विकायची गरजही दिसत नाही.

क्षेत्रफळाचा हिशोब केला, तर ४४ बाय ३३ चा सेन्सर फुल फ्रेमच्या सुमारे १.७ पट भरतो. छायाचित्रकार प्रकाश मोजतात तो स्टॉपमध्ये, आणि एक स्टॉप म्हणजे दुप्पट. म्हणजे फुल फ्रेम सोडून मीडियम फॉरमॅटवर गेलेल्या माणसाने एक पूर्ण स्टॉपही कमावला नाही. पाऊण स्टॉपच्या आत-बाहेर त्याची कमाई थांबली. आणि ती कमाई भिंगांनी लगेच खाल्ली. फुल फ्रेमला ८५ मिलिमीटर एफ/१.२ ची भिंगे मिळतात. फुजीच्या मीडियम फॉरमॅटचे नावाजलेले ११० मिलिमीटर एफ/२ हे भिंग फुल फ्रेमच्या भाषेत साधारण ८७ मिलिमीटर एफ/१.६ ठरते. मागची पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी ज्याने कर्ज काढले, त्याच्यापेक्षा जास्त धूसर पार्श्वभूमी शेजारच्या लग्नातला फुल फ्रेमवाला करत असतो, आणि तो मध्येच जेवूनही येतो.

हे गणित मांडले, की मालक एका वेगळ्या आधाराकडे वळतात. त्याला मीडियम फॉरमॅट लूक म्हणतात. हा लूक काय असतो हे शब्दांत सांगता येत नाही, आकड्यांत मांडता येत नाही आणि फोटोखालची ओळ झाकली तर दिसतही नाही. जाणकारांच्या मते त्यात खोली असते, छटांची उतरण रेशमी असते आणि माणूस कागदातून बाहेर येतो. काही अंशी यात तथ्य आहे: या कॅमेऱ्यांची भिंगे बहुधा उत्तम असतात, १६ बिटांच्या फाइलीत छाया उजळताना थोडी मोकळीक मिळते आणि चार-तीनची चौकट व्यक्तिचित्राला शोभते. पण लूकचा सर्वात मोठा हिस्सा कॅमेऱ्याच्या संथपणातून येतो, असे मानायला जागा आहे. ज्याला एक फोटो काढायला अर्धा मिनिट लागतो, तो आधी प्रकाश पाहतो, माणसाला नीट बसवतो आणि मागचा विजेचा खांब चौकटीबाहेर घालवतो. तेवढेच मोबाइलवाल्याने केले तरी त्याचा फोटो सुधारेल. तो करत नाही, हा मीडियम फॉरमॅटच्या दुकानाचा खरा आधार.

संथपणाची दुसरी बाजू जंगलात दिसते. फुजीचा २०२३ चा वेगवान जीएफएक्स १००-टू सेकंदाला आठ फोटो काढतो. त्याच वर्षी जाहीर झालेला सोनीचा ए९-थ्री हा फुल फ्रेम १२० काढतो. ताडोब्यात वाघ रस्ता ओलांडतो तेव्हा जिप्सीतली एक व्यक्ती १२० वाघ घेऊन येते, एक आठ, आणि मीडियम फॉरमॅटवाल्याच्या आठांपैकी सर्वात रेखीव फोटोत बांबू असतो. मोठ्या सेन्सरवरची माहिती ओळीओळीने वाचायला वेळ लागतो, म्हणून यांत्रिक शटर न वापरता पळता प्राणी टिपला तर त्याची पाठ पुढे आणि पाय मागे अशी अवस्था होऊ शकते. फुजीच्या ५०० मिलिमीटर भिंगाने गाठता येणारी नजर फुल फ्रेमच्या साधारण ४०० मिलिमीटरएवढी. त्यामुळे या वर्गाचे लोक वन्यजीवांऐवजी शक्यतो डोंगर टिपतात, कारण सह्याद्री सहकार्याच्या बाबतीत अत्तराच्या बाटलीच्या तोडीचा आहे.

मग एवढे पिक्सेल जातात कुठे? १०२ मेगापिक्सेलचा एक फोटो ११६४८ बाय ८७३६ ठिपक्यांचा असतो. इन्स्टाग्रामवर त्याची रुंदी १०८० उरते. व्हॉट्सॲपवरून ग्राहकाला पाठवला तर उरलासुरला तपशीलही आकसून जातो आणि समोरून अंगठा येतो. फोर-के दूरदर्शनसंचाला सुमारे ८.३ मेगापिक्सेल पुरतात. मोठ्या होर्डिंगला जास्त लागत असतील असा समज आहे, पण ते रस्त्यापलीकडून पाहायचे असल्याने त्याचे ठिपके विरळ असतात आणि जवळ जाऊन पाहायला शिडी लागते. व्यक्तिचित्रांत तर पैशांचा प्रवास गोल आहे. त्वचेवरचे प्रत्येक रंध्र दिसावे म्हणून आधी कॅमेऱ्याला पैसे मोजायचे आणि ते दिसू नये म्हणून नंतर रिटचिंग करणाऱ्याला.

तपशील खरोखर कामी येतो अशी ठिकाणेही आहेत आणि तिथे विनोद थांबतो. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’ या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी १०० मेगापिक्सेलच्या हॅसलब्लाडने ८४३९ फोटो काढून जोडले, फाइल ५.६ टेराबाइटची झाली आणि दोन ठिपक्यांमधले अंतर ५ मायक्रॉन राहिले. साडेचार मीटर रुंद चित्रातला रंगाचा कणही त्यात दिसतो, आणि झीज कुठे होते आहे ते संशोधकांना कळते. विमानातून नकाशासाठी छायाचित्रे घेणे आणि हस्तलिखितांचे जतन यांतही फेज वनचा जम बसला आहे. या कामांत एखादा फोटो सुंदर आहे का, असे कोणी विचारत नाही. आकडे जुळतात का, एवढेच विचारतात.

किंमत यापुढे किती उतरेल, याला सिलिकॉनच उत्तर देते. सेन्सर ३०० मिलिमीटर व्यासाच्या गोल चकतीतून कापतात. तुकडा जितका मोठा, तितके चकतीतून निघणारे नग कमी, आणि एखादा दोष नेमका आपल्या तुकड्यात येण्याची शक्यता जास्त. म्हणून क्षेत्रफळ १.७ पट झाले की खर्च त्याहून जास्त पटींनी वाढतो. हे गणित सवलतीच्या हंगामातही बदलत नाही.

छोट्यांची चढाई मात्र थांबलेली नाही. कॅननने २०२५ च्या जानेवारीत फुल फ्रेम मापाचाच ४१० मेगापिक्सेलचा सेन्सर जाहीर केला. तो औद्योगिक आणि वैद्यकीय कामांसाठी असला, तरी मेगापिक्सेलच्या जोरावर मोठेपण सांगण्याची सोय त्याने संपवली. मोबाइलने तर २०२३ मध्येच गॅलेक्सी एस२३ अल्ट्रामध्ये २०० मेगापिक्सेल बसवले. त्यातला पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा जेमतेम मोठा. त्याहून लहान केला तर प्रकाशालाच चेंगराचेंगरीची तक्रार करावी लागेल. व्यवहारात तो मोबाइल सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. मेगापिक्सेल मोजण्यात मनुष्यजातीची इतकी वर्षे गेली आणि शेवटी यंत्रानेच साडेबारावर तडजोड केली. दरम्यान हॅसलब्लाडचे नाव २०२१ मध्ये वनप्लसच्या मोबाइलवर झळकले, त्यामुळे त्या कंपनीच्या नावाने फोटो काढणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांना ती कॅमेरे बनवते याचीही कल्पना नसावी.

भविष्यात दोन्ही पक्ष एकमेकांच्या कपड्यांत वावरतील, अशी चिन्हे आहेत. फुजीचा २०२५ चा जीएफएक्स १००आरएफ भिंगासकट ७३५ ग्रॅमचा आहे. त्याच्या भिंगाचे ॲपर्चर एफ/४ वर अडते आणि स्थिरीकरणही नाही, म्हणजे वजन उतरवताना पुष्कळ काही उतरवले आहे. उलट कॅननच्या फुल फ्रेमचे २८-७० एफ/२ हे एकटे भिंग १४३० ग्रॅमचे. मोठा आकार बारीक होतो आहे आणि छोटा आकार जाड. पाऊण स्टॉपच्या फरकासाठी दोघांनी इतकी धावपळ केली, की आता वजनाच्या काट्यावर कोण कोण ते ओळखू येत नाही. जिथे कोणीतरी खरोखर तपासते, अशा संग्रहालयांत आणि नकाशांच्या कार्यालयांत मीडियम फॉरमॅट टिकेल. आणि जिथे कोणीच तपासत नाही, अशा हौशी मंडळींत तो त्याहून जास्त खपेल. या दोहोंच्या मधला, पोट भरण्यासाठी फोटो काढणारा माणूस फुल फ्रेमवर राहील, आणि त्याचे बरोबर आहे.

ज्यांना तरीही तो घ्यावासा वाटतो, त्यांनी आधी एक दिवस भाड्याने आणावा. मग आपला सर्वात आवडता १०२ मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने, म्हणजे जवळजवळ ३९ बाय २९ इंचांत छापून घ्यावा आणि तो लावायला घरात कोणती भिंत रिकामी आहे ते पाहावे. भिंत सापडली नाही, तर आहे तो कॅमेरा पुरेसा आहे. आणि सापडली, तर विकत घेण्याआधी एक मोठी हार्ड डिस्क आणावी.